दहा वर्षांहून जुनी लक्झरी एसयूव्ही: गॅरेजमध्ये आणण्याआधी

रात्री पार्किंगमध्ये नीट उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर खाली बसलेली दिसली, तर ‘स्टार्ट केली की उठते’ म्हणून सोडून देऊ नका. रेंज रोव्हर असो वा मर्सिडीजची जीएल, एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे असतात. रबर जुनं झालं की घडीवर चिरा पडतात आणि हवा निसटते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो, तापतो, शेवटी जळतो. म्हणून ‘फक्त कॉम्प्रेसर बदला’ म्हणालात तर आम्ही नकार देतो. गळती तशीच राहिली तर नवाही जळणार.

घरी तपासायला टेप पुरे. सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर रात्री मोजा, सकाळी पुन्हा मोजा आणि आकडे आम्हाला कळवा. गाडीखाली मात्र शिरू नका, ती अचानक खाली येऊ शकते.

फुग्यांऐवजी लोखंडी कॉइल स्प्रिंग टाका, कटकट मिटेल, असं सांगणारे भेटतील. स्वस्त पडतं, खरं आहे. पण उंची कमी-जास्त करायची सोय जाते, आणि कोडिंग (गाडीच्या कॉम्प्युटरला हा बदल कळवणं) नीट झालं नाही तर डॅशबोर्डवरचा दिवा काही विझत नाही. गाडी एक-दोन वर्षांत विकायची असेल तरच आम्ही हो म्हणतो.

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रॅफिक तुंबलंय, एसी चालू आहे आणि टेम्परेचरचा काटा वर सरकतोय? बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘घर जवळच आहे’ म्हणून दामटू नका. कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) प्लॅस्टिक पाइप आणि टाकी उष्णतेने ठिसूळ होऊन तडकतात. तेवढ्यावर थांबलात तर पाइप बदलून भागतं, पुढे रेटलीत तर इंजिनचं हेड वाकतं. गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका. टोइंगला फ्लॅटबेडच मागवा. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी दोन चाकं उचलून ओढली तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) जाऊ शकते.

झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी सनरूफच्या ड्रेन नळ्या मे महिन्यातच साफ करून घ्याव्यात. त्या तुंबल्या की पावसाचं पाणी कार्पेटखाली उतरतं, आणि बऱ्याच गाड्यांत वायरिंग तिथूनच जातं.

गिअरबॉक्स ऑइल ‘लाइफटाइम’ असतं, यावर विसंबू नका. रेंज रोव्हरसारख्या अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते.

येताना जुनी बिलं आणा. काय आधीच बदललंय ते कळलं, तर तेच काम पुन्हा तुमच्या माथी पडत नाही.