नामसाम्य

एकाहून अधिक स्थळे, व्यक्ती, घटना किंवा वस्तू एकाच नावाने ओळखल्या जाणे म्हणजे नामसाम्य. कधी नाव मुद्दाम दिलेले असते. अलेक्झांडरने जिंकलेल्या मुलखात स्वतःच्या नावाची अनेक नगरे वसवली, त्यांपैकी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया (इ. स. पू. ३३१) सर्वांत प्रसिद्ध. कधी मात्र तो केवळ योगायोग असतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याला इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाचे नाव मिळाले; कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. म्हणूनच नाव जुळले की नातेही जुळवण्याचा मोह अभ्यासकाने आवरायला हवा.

स्थळांना वेगळे ओळखण्यासाठी बहुधा भूगोल कामी येतो. जर्मनीतील दोन फ्रँकफुर्ट माइन आणि ओडर या नद्यांवरून ओळखली जातात. दोन काँगो देशांच्या बाबतीत नदीचा उपयोग नाही, कारण त्यांच्या राजधान्या, किन्शासा आणि ब्राझाव्हिल, एकाच काँगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर आहेत. तिथे राजधानीचेच नाव जोडतात. वॉशिंग्टनची कथा आणखी वेगळी. १८५३ मध्ये अमेरिकेच्या वायव्येकडील नव्या प्रदेशाला ‘कोलंबिया’ म्हणायचे ठरत होते. राजधानीच्या ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’शी गल्लत नको म्हणून ते बदलून ‘वॉशिंग्टन’ केले गेले, आणि राजधानीच्या शहराचे नावही तेच असल्याने गल्लत कायम राहिली. नामसाम्य राजकीय वादाचेही कारण ठरते: ग्रीसच्या उत्तर भागाचे नाव मॅसिडोनिया असल्याने त्या देशाने शेजाऱ्याच्या नावाला हरकत घेतली. २०१८ च्या करारानंतर, २०१९ मध्ये, शेजारी देश ‘उत्तर मॅसिडोनिया’ झाला.

व्यक्तींच्या नावांना उपाधी किंवा क्रमांक जोडतात: थोरले माधवराव आणि सवाई माधवराव, साताऱ्याचे छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू. यातील क्रमांक पुष्कळदा नंतरच्या लोकांनी दिलेला असतो, हे विसरता कामा नये. ६२९ मध्ये ‘आर्यभटीया’वर भाष्य लिहिणारा भास्कर स्वतःला ‘पहिला’ म्हणवत नव्हता. ‘सिद्धान्तशिरोमणि’कार भास्कराचार्य (जन्म १११४) पाच शतकांनी झाले, म्हणून इतिहासकारांनी दोघांना क्रमांक दिले. पुढे १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या भारतीय उपग्रहांची नावे भास्कर–१ आणि भास्कर–२ ठेवली गेली. हे क्रमांक उड्डाणाचे.

घटनांना सन पुरतो. पानिपतच्या लढाया १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन झाल्या, तरी मराठीत नुसते ‘पानिपत’ म्हटले की तिसरीच डोळ्यांपुढे येते. अटलांटिक चक्रीवादळांच्या नावांच्या याद्या दर सहा वर्षांनी फिरून येतात. फार हानी केलेल्या वादळाचे नाव मात्र वगळतात, जसे २००५ चे कतरिना.

प्राणिशास्त्रात एकच प्रजातिनाम दोनदा चालत नाही, पण वनस्पतिशास्त्राचे नियम स्वतंत्र असल्याने ‘मोरस’ हे तुतीचेही नाव आहे आणि गॅनेट या समुद्रपक्ष्याचेही. संशोधकांसाठी २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा स्थानांचा ओळख क्रमांक उपलब्ध आहे. संशोधकाने पुढे नाव बदलले, तरी तो तोच राहतो.