उलटा धबधबा (सडावाघापूर)

उलटा धबधबा : कड्यावरून खाली पडू पाहणारे पाणी वाऱ्याच्या जोराने पुन्हा वर फेकले जाण्याचा आविष्कार. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील सडावाघापूर येथे तो पावसाळ्यात पाहायला मिळतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटातही असा धबधबा आहे. ‘इथे गुरुत्वाकर्षण चालत नाही’ असे त्याच्याविषयी हौसेने सांगितले जाते. खरे तर बल आणि गती यांचे नियम उघड्या डोळ्यांनी पाहायला याहून चांगली जागा सापडणे कठीण.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. जुलै-ऑगस्टमध्ये त्यावरचे पाणी ओघळींनी काठाकडे येते. समोरून नैऋत्य मोसमी वारा कड्यावर आदळतो, त्याला पुढे वाट नसते, म्हणून तो कड्याला धरून वर वळतो आणि काठाशी सर्वांत जोरात वाहतो. पाण्याची धार काठावरून सुटताच फाटते, तिचे थेंब होतात आणि तुषारांचा पडदा उलट पठारावर येऊन पडतो. तिथे उभे राहिले की हनुवटीखाली आणि छत्रीच्या आतल्या बाजूला थेंब बसतात. मग छत्रीही उलटी होते.

गुरुत्वाकर्षण या सगळ्या वेळात जराही कमी झालेले नसते. पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते आणि दुसरे कोणतेही बल नसेल तर पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात वाढत जातो. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. तेवढ्या उंचीवरून सोडलेला थेंब, हवा नसती तर, साडेचार सेकंदांत ताशी १६० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळला असता. तसे असते तर पावसात कोणी चिखलात उतरून भातलावणी करू शकले नसते. आपल्याला वाचवते ती हवा. थेंबाचा वेग वाढतो तसा हवेचा रोधही वाढतो आणि एका वेगाला रोध थेंबाच्या वजनाइतका होतो. दोन्ही बले समसमान झाली की वेग वाढायचा थांबतो. या वेगाला अंत्य वेग म्हणतात. १ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचा तो सेकंदाला सुमारे ४ मीटर असतो, २ मिलिमीटरच्या थेंबाचा साडेसहा मीटर आणि ५ मिलिमीटरच्या टपोऱ्या थेंबाचा सुमारे ९ मीटर. त्याहून फार मोठा थेंब पडताना टिकतच नाही, फुटतो.

उलट्या धबधब्याची किल्ली याच आकड्यांत आहे. कड्यावरून वर येणारा वारा सेकंदाला ९-१० मीटर, म्हणजे ताशी साधारण ३५ किलोमीटर झाला, की कोणत्याही आकाराच्या थेंबाला खाली जाता येत नाही. वारा याहून मंद असेल तर बारीक थेंब वर जातात, टपोरे खाली. व्यास निम्मा केला की थेंबाचे वजन आठपट घटते, पण वाऱ्यासमोर येणारे क्षेत्रफळ चौपटच घटते. म्हणून लहान थेंब वाऱ्याच्या जास्त हाती लागतो. लिंबाएवढा दगड मात्र याच वाऱ्यात सरळ दरीत जाईल. त्याला तोलून धरायला ताशी १८० किलोमीटरच्या आसपासचा वारा लागेल. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून खाली टाकलेले बाटलीचे हलके टोपण पुन्हा वर येते, तेही याच कारणाने.

बहुतेकांची गफलत होते ती पुढच्या मुद्द्यावर. थेंब वर जातो आहे म्हणजे त्याला वर ढकलणारे बल वजनापेक्षा जास्त असलेच पाहिजे, असे वाटते. सुरुवातीच्या क्षणी, थेंब वाऱ्यात सापडून वर वळतो तेव्हा, ते खरे आहे. पण वारा सेकंदाला ९ मीटरने वर येत असेल तर १ मिलिमीटरचा थेंब लवकरच ५ मीटरच्या स्थिर वेगाने वर जाऊ लागतो आणि मग त्याच्यावरचे निव्वळ बल शून्य असते. वजन आणि रोध बरोबरीत. बले संतुलित असतील तर वस्तू आहे त्याच वेगाने, त्याच दिशेने जात राहते, हा न्यूटनने १६८७ साली मांडलेला गतीचा पहिला नियम. वेग बदलायला असंतुलित बल लागते, हा दुसरा. आणखी एक गंमत : वाऱ्याबरोबर वर जाणाऱ्या एखाद्या हलक्या पिसाच्या जागी आपण असतो, तर हाच थेंब आपल्याला सेकंदाला ४ मीटरने पडताना दिसला असता. हवेच्या मानाने तो पडतोच आहे, फक्त हवा त्याच्यापेक्षा वेगाने चढते आहे.

तिसरा नियम कड्यापाशी दिसतो. आडव्या वाऱ्याला वर वळवायला कडा त्याच्यावर बल लावतो आणि वारा तेवढेच बल उलट दिशेने कड्यावर लावतो. कडा हलत नाही, कारण तो डोंगराचाच भाग आहे.

पठारावर पडलेले पाणी ओघळींना मिळून पुन्हा काठाकडे येते, त्यामुळे तेच पाणी अनेकदा फिरत राहते. पाऊस फार झाला तर जाड धार फाटत नाही, ती खालीच जाते आणि फक्त तिच्या कडांचे तुषार वर येतात. वाऱ्याची झुळूक मध्येच पडते तेव्हा सगळा पडदा एकदम दरीत कोसळतो. वाऱ्यावर रेलून काठावर उभे राहणाऱ्याचा तोलही त्याच क्षणी जातो, म्हणून काठापासून लांब राहावे. मोसमी वारा परतला की धार बारीक होते आणि दिवाळीनंतर सडा कोरडा पडतो.