तोडायची चेन आणि चिरायची चेन

कोणत्याही सुताराला विचारा, लाकूड आडवं तोडतात आणि उभं चिरतात. चेनसॉच्या दुकानात मात्र हा फरक सहसा निघतच नाही. यंत्रासोबत येते ती तोडायची चेन. बांधावरची बाभूळ वादळात पडली, तिच्या फळ्या पाडायला घेतल्या, की मग गाडी अडते.

दोन्ही चेनी शेजारी ठेवल्या तरी चटकन ओळखू येत नाहीत. दात वरून बघा. तोडायच्या चेनीत वरची धार तिरकी असते, साधारण ३० अंश. चिरायच्या चेनीत जवळजवळ सरळ, १० अंशांच्या आसपास. आडवं तोडताना तंतू बाजूनं छाटावे लागतात, म्हणून तिरकी धार. फळी पाडताना पट्टी (चेन जिच्याभोवती फिरते ती) ओंडक्याच्या टोकातून आत शिरते आणि दातासमोर तंतूंची टोकं येतात. तिथं रंध्याच्या पात्यासारखी सरळ धार तासत जाते. तोडायच्या चेनीनं फळी निघतच नाही असं नाही. निघते, पण अंगावर ओरखडे घेऊन, आणि पुढचा दिवस रंधा मारण्यात जातो. चिरायची चेन लावली म्हणून काम दुपटीनं उरकेल, अशी आशा मात्र धरू नका.

नवी चेन घ्यायलाच हवी असंही नाही. जुनीच दर वेळी धार लावताना थोडी थोडी सरळ करत १० अंशांवर आणता येते. मी तेच करतो. ३/८ पिचला (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, इंचात) ५.५ मिमीची गोल कानस, ०.३२५ ला ४.८ मिमीची. नवी घेतलीच, तर पिच, गेज (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि कड्यांची संख्या पट्टीशी जुळते का ते आधी पाहा.

एरवी पिठासारखा भुसा पडला की चेन बोथट झाली समजायचं. चिरताना तो बारीकच पडतो; उगाच कानस घेऊन बसू नका, तोंडाला मास्क तेवढा बांधा.

यंत्राचं म्हणाल, तर चिरताना ते मिनिटामागून मिनिटं पूर्ण रेसवर असतं. बाजारातलं ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं यंत्र फूटभर रुंदीची बाभूळ दमादमानं चिरतं. पट्टीची सगळी लांबी हाती लागत नाही. फळी सरळ निघावी म्हणून पट्टीला जी चौकट बसवतात, थोडी तीच खाते. चिंचेच्या रुंद बुंध्याला ९० सीसीच्या खाली जाऊ नये. (चिंच, आंबा, साग स्वतःच्या रानातला असला तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं तोडायला परवानगी लागते.)

बाभूळ ओली असतानाच चिरा, वाळली की लोखंड होते. आणि बांधावरच्या झाडाची साल आधी नीट चाचपा. कुंपणाची जुनी तार आत गेलेली असली, तर कुठलीच चेन टिकत नाही.