शाळेची वेळ आणि किशोरवयीन मेंदू

शाळा किती वाजता भरवायची, हे सहसा वर्गखोल्या, बसच्या फेऱ्या आणि पालकांच्या नोकऱ्या पाहून ठरते. मेंदूविज्ञानाने या हिशेबात मुलांची झोप आणली. मुख्याध्यापकांनी घ्यायच्या निर्णयांत इतका थेट शास्त्रीय आधार क्वचितच मिळतो.

झोपेची वेळ मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागातले जैविक घड्याळ ठरवते. संध्याकाळी उजेड कमी झाला की त्याच्या इशाऱ्याने पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक पाझरू लागते. मुले वयात येतात तेव्हा हे पाझरणे उशिरा सुरू होते. दिवसभराच्या जागरणाने डोळ्यांवर येणारी झोपही लहानपणापेक्षा सावकाश चढते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी हा बदल वयात येण्याशी जोडून दाखवला. त्यामुळे रात्री अकराला टक्क जागा असलेला आणि पहाटे हलवूनही न उठणारा नववीतला मुलगा आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी असते. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, म्हणजे सातची शाळा गाठताना शिकलेल्यावरही पाणी पडते.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या इडायना गावाने १९९६ साली माध्यमिक शाळा ७.२० ऐवजी ८.३० ला भरवली. सिअ‍ॅटलने २०१६ मध्ये ७.५० ची वेळ ८.४५ केली. मुले तेवढीच उशिरा झोपतील, ही शंका तेव्हा होतीच. मनगटावरच्या यंत्रांनी मोजल्यावर सिअ‍ॅटलच्या मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायद्याने बहुतेक हायस्कुले ८.३० पूर्वी भरत नाहीत.

महाराष्ट्रात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांच्या सूचनेनंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला. मुलांची अपुरी झोप हे त्यामागचे एक कारण होते. पाऊल चांगलेच आहे. पण घड्याळ उशिरा चालते ते आठवी ते दहावीच्या मुलांचे, आणि आदेशात तीच नाहीत. दोन सत्रांत चालणाऱ्या कित्येक शाळांत हेच मोठे वर्ग सकाळी सातच्या सुमारास भरतात.