मुलकोवाल दुर्घटना

पंजाबातील मुलकोवाल या गावी 30 ऑक्टोबर 1902 रोजी प्लेगप्रतिबंधक लस टोचून घेतलेल्या 107 जणांपैकी 19 जण पुढील काही दिवसांत धनुर्वाताने दगावले. या घटनेला व तिच्यावरून पाच वर्षे चाललेल्या चौकशीला मिळून मुलकोवाल दुर्घटना असे म्हणतात. मुलकोवाल त्या वेळी पंजाब प्रांतातील गुजरात जिल्ह्यात मोडत असे. आज ते पाकिस्तानात आहे. लस मात्र मुंबईत, परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली होती आणि प्रकरणाचा सारा रोख या प्रयोगशाळेवर व तिचे संचालक वाल्डेमार हाफकिन यांच्यावर राहिला.

मुंबईत प्लेगची साथ सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात सुरू झाली आणि मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी ती प्रथम ओळखली. पटकीच्या लसीमुळे नाव झालेले हाफकिन त्या वेळी कलकत्त्यात होते. सरकारने त्यांना मुंबईस पाठवले व ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करण्यास जागा मिळाली. प्लेगच्या जंतूंची वाढ ते मांसाच्या पातळ रसात करीत. त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की जंतू थेंबांना धरून खाली लोंबत्या झुबक्यांच्या रूपात वाढत. भांडे हलवले की झुबके तळाशी बसत आणि नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी हे द्रव्य तासभर सुमारे 65 ते 70 अंश सेल्सिअसवर तापवून जंतू मारले जात व त्यात अर्धा टक्का कार्बॉलिक आम्ल हे जंतुनाशक मिसळले जाई. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी ही लस स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

लसीचा गुण किती, हा वाद तेव्हापासूनच होता. त्याच वर्षी पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्ये 8,230 रहिवाशांपैकी 2,197 जणांनी लस घेतली. त्यांच्यातील 36 जण मरण पावले, तर लस न घेतलेल्या 6,033 जणांपैकी 1,482. हा फरक डोळ्यांत भरणारा असला तरी लस घेणारे आणि न घेणारे यांची राहणी सारखीच होती असे गृहीत धरता येत नाही, आणि अशा आकड्यांवरचा आक्षेप रास्तच ठरतो. बडोद्याजवळच्या उंढेरा गावी 1898 मध्ये झालेला प्रयोग त्या मानाने पुष्कळ काटेकोर होता. तेथे प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना लस देऊन निम्म्यांना मुद्दाम तसेच ठेवण्यात आले, म्हणजे छप्पर, अन्न आणि उंदीर दोहोंना एकच. पुढे साथ लागलेल्या घरांत लस घेतलेल्या 71 जणांपैकी 3 आणि न घेतलेल्या 64 जणांपैकी 26 जण दगावले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग सहजासहजी बसणार नाही. पण एकाच घरात तुलना करण्याची ही कल्पना त्या काळाच्या पुष्कळच पुढची होती. लसीचा त्रासही नगण्य नव्हता: टोचलेली जागा सुजणे, ताप येणे, एखाद-दोन दिवस अंथरूण धरावे लागणे हे नेहमीचेच होते. हा त्रास लसीच्या अंगचा होता. मुलकोवालला जे घडले त्याचा प्लेगच्या मृत जंतूंशी काहीच संबंध नव्हता.

1902 च्या शरद ऋतूत पंजाब सरकारने लसीकरणाची मोठी मोहीम आखली आणि परळवर लाखो मात्रांची मागणी आली. ती पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतूंची वाढ आता पातळ रसाऐवजी अगार या जेलीसारख्या घट्ट माध्यमावर होऊ लागली, आणि शेवटी कार्बॉलिक आम्ल मिसळण्याचे टप्पे वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. मुलकोवालला त्या दिवशी पाच बाटल्या फोडण्यात आल्या. धनुर्वात झालेले सर्वच्या सर्व 19 जण 53 एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. उरलेल्या बाटल्यांमधून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही. दोष एका बाटलीत होता हे त्यामुळे लगेच स्पष्ट झाले. तो तिच्यात परळला शिरला की मुलकोवालला, एवढाच प्रश्न उरला.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने दूषण बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत झाले असा निष्कर्ष काढला आणि कार्बॉलिक आम्ल गाळल्याबद्दलही ठपका ठेवला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले व ते युरोपास गेले. आयोगापुढील साक्षीपुरावा मात्र तेव्हा लोकांपुढे आला नाही; तो प्रसिद्ध होण्यास 1906 साल उजाडले.

तो बाहेर आल्यावर जाणकारांचे लक्ष एका बारीक गोष्टीकडे गेले. 53 एनचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बॉलिकच्या पाण्यात नुसता खळबळून त्याने त्याच चिमट्याने बूच ओढून काढले. गुरांच्या वावराच्या गावातील मातीत धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूंची टणक कवचातील सुप्त रूपे, असणे हे नवल नव्हे, आणि हे बीजाणू कार्बॉलिकमधल्या क्षणभराच्या बुडीने मरत नाहीत. दुसरा मुद्दा काळाचा होता. बाटली भरल्याला 41 दिवस झाले होते. बीजाणू परळलाच शिरले असते, तर एवढ्या अवधीत ते वाढून द्रव्याला उग्र घाण वास सुटला असता; पण उघडताना डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय त्या द्रव्यात वाढत्या जंतूंनी सोडलेले विष आधीच साठलेले असते, तर लक्षणे लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती जवळजवळ आठवड्याने दिसली. ताजे बीजाणू शरीरात शिरून तेथे वाढण्यास साधारण तेवढाच वेळ लागतो. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हा युक्तिवाद हिरिरीने मांडला. लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये 29 जुलै 1907 रोजी रॉस व इतर शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र छापून आले, आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेतले. त्यांना मुंबई मात्र मिळाली नाही. ते कलकत्त्यास गेले आणि निवृत्त होईपर्यंत प्लेगच्या लसीच्या उत्पादनाशी त्यांचा संबंध राहिला नाही. परळच्या प्रयोगशाळेस 1925 मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. हीच आजची हाफकिन संस्था.

कार्बॉलिक आम्लाचा मुद्दा यातून पूर्णपणे निकालात निघाला असे म्हणता येणार नाही. एवढ्या अल्प प्रमाणातील आम्लाने बीजाणू मरत नाहीत, हे हाफकिन यांचे म्हणणे खरे होते. तरी बाटलीत नंतर शिरलेल्या जंतूंची वाढ रोखणे हे परिरक्षकाचे वेगळे काम आहे आणि अनेकांना पुरणाऱ्या बाटलीत त्याला मोल आहे. लसीकरणानंतरच्या अनिष्ट घटनांचे आज जे वर्गीकरण केले जाते, त्यात लसीच्या अंगचा परिणाम, उत्पादनातील दोष, टोचताना झालेली चूक, टोचून घेण्याच्या भीतीने होणारा त्रास आणि निव्वळ योगायोग असे प्रकार धरतात. परळ की मुलकोवाल हा वाद म्हणजे यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांमधील वाद होय. 1930 मध्ये जर्मनीतील ल्युबेक येथे क्षयाच्या लसीत रोगकारक जंतू मिसळून सत्तरहून अधिक अर्भके दगावली, तेव्हा दोष स्थानिक प्रयोगशाळेचा असल्याचे सिद्ध झाले. बूच उपटण्याची पद्धत आता राहिली नाही. कुपीच्या रबरी झाकणातून निर्जंतुक सुई आत जाते. भारतातील लसीकरण कार्यक्रमात परिरक्षक असलेल्या ठरावीक लसींची उघडलेली कुपी योग्य तापमानात ठेवल्यास 28 दिवसांपर्यंत वापरता येते, तर बीसीजी किंवा गोवर-रुबेलासारखी परिरक्षक नसलेली लस द्रावक मिसळल्यापासून चार तासांत संपवावी किंवा टाकून द्यावी लागते.