जुन्या ट्रॅक्टरचे आयडलिंग : बिघाड आणि दुरुस्ती

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा असताना आणि हँड ॲक्सिलरेटर पूर्ण मागे घेतल्यावर इंजिन ज्या किमान वेगाने स्थिर फिरत राहते त्याला आयडलिंग, गॅरेजच्या बोलीत ‘स्लो’, म्हणतात. जुन्या डिझेल ट्रॅक्टरांत हा वेग बहुधा मिनिटाला ६०० ते ७५० फेरे असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. स्लो बिघडला की इंजिन लयीत चढउतार करते (हंटिंग), रेस (ॲक्सिलरेटर) सोडताच बंद पडते, मिसिंग करते (एखादा सिलिंडर पेट घेत नाही), नाहीतर रेस, म्हणजे वेग, खाली येतच नाही.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या भातपट्ट्यात असे ट्रॅक्टर चिखलणीला उतरतात आणि वर्षाचे बरेच महिने पडवीत उभे असतात. नवी मुंबईच्या गावठाणांत शेती सिडकोच्या संपादनात गेली, पण ट्रॅक्टर पाण्याच्या टँकरला, विटांच्या ट्रॉलीला आणि गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीला जुंपला जातो. कांदिवलीच्या कारखान्यातला इंटरनॅशनल बी-२७५ असो (तो बनवणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ मध्ये स्थापन झाली आणि १९७७ मध्ये महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली) की मॅसी फर्ग्युसन १०३५, स्लो बिघडण्याची कारणे वापरावर ठरतात. उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीत पाणी साठते आणि जोडांतून हवा शिरते; तासन्‌तास स्लोवर रांगणाऱ्या ट्रॅक्टरचे सिलिंडर पुरेसे तापत नाहीत आणि नोझलवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या टोकावर, काजळी धरते.

तक्रार आली की पंपावरचा (नोझलना दाबाने डिझेल देणाऱ्या इंजेक्शन पंपावरचा) स्लोचा स्क्रू आवळायचा, ही सवय घातक आहे. स्लोवर प्रत्येक फवाऱ्यात डिझेल अगदी थोडे जाते, त्यामुळे हवेचा लहानसा बुडबुडा किंवा किंचित गळणारा व्हॉल्व्हही लगेच जाणवतो. स्क्रूने रेस चढवली की दोष झाकला जातो आणि ट्रॅक्टर कामात असताना वर येतो. स्क्रूचा नंबर शेवटचा.

आधी लिंकेज (ॲक्सिलरेटर आणि पंप यांना जोडणारे रॉड) पाहावे. पावसाळ्यात थ्रॉटलचा रॉड, बुश आणि पिन गंजतात. रॉड पंपाच्या लिव्हरपासून सोडवून लिव्हर हाताने स्टॉप स्क्रूला टेकवावा. आता स्लो बरोबर आला तर पंप निर्दोष आहे. रॉडची लांबी, रिटर्न स्प्रिंग आणि बुश दुरुस्त करावेत.

हवा : हंटिंगचे सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हा भाग ओढीचा असल्याने तिथली गळती बाहेर थेंब दाखवत नाही, उलट हवा आत खेचते. म्हणून कोरडा जोड म्हणजे चांगला जोड असे धरू नये. फीड पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक पाईप लावून इंजिन स्लोवर ठेवले की बुडबुडे दिसतात. पुढची चाचणी म्हणजे उंचावर ठेवलेल्या कॅनमधून डिझेल थेट फीड पंपाला देणे. बुडबुडे थांबले तर दोष टाकी, कॉक किंवा त्या पाइपात आहे. चालूच राहिले तर फीड पंप वा त्याचे जोड तपासावेत. बंजो बोल्टचे (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे टाकावेत. नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून थंड करावेत, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होऊन बसते.

हवा काढताना टाकी निदान अर्धी भरलेली असावी. पहिल्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सोडून बुडबुडे संपेपर्यंत हँड प्रायमर मारावा, मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचे स्क्रू. सीएव्ही कंपनीच्या डीपीए या रोटरी इंजेक्शन पंपावर असे दोन स्क्रू असतात, एक गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) कव्हरवर आणि एक हायड्रॉलिक हेडच्या बाजूला. दुसरा विसरला तर हवा आतच राहते. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा सोडून स्टार्टर मारावा आणि डिझेल येताच आवळावेत. डायफ्रामच्या फीड पंपाचा हात-लिव्हर ढिला लागत असेल तर कॅम नेमका वर थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा मारावा.

इंजिन पंधरा-वीस मिनिटे नीट चालून मग स्लोवर बंद पडत असेल तर टाकीच्या झाकणाचे छिद्र पाहावे. चिखल किंवा गंजाने ते बुजले की टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल अडते. झाकण सैल करताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो.

पाणी : अर्ध्या टाकीतली दमट हवा रात्री थंड झाली की आतल्या पत्र्याला थेंब धरतात आणि तळाशी जमतात. पाणी काढायचे ते रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवून, सकाळी स्टार्टर मारण्याआधी. तेव्हा ते टाकीच्या आणि फिल्टरच्या वाटीच्या तळाशी बसलेले असते. काचेच्या बाटलीत काढावे, म्हणजे खाली पाणी आणि वर डिझेल अशी रेघ दिसते. डीपीए पंपात पाणी गेले तर मीटरिंग व्हॉल्व्ह (डिझेलचे माप ठरवणारा) गंजून अडकतो आणि हवा काढूनही हंटिंग जात नाही. मग पंप कॅलिब्रेशनवाल्याकडेच न्यावा लागतो.

मिसिंग शोधणे : इंजिन स्लोवर असताना एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करावा. ज्याने आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. चष्मा घालावा आणि फवाऱ्यासमोर हात कधीही आणू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते, आणि जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. काढलेली नोझल टेस्टरवर धुक्यासारखा फवारा देते का ते पाहावे. जुन्या नोझल बहुधा १७० ते २२० बारला उघडतात. उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार खाली १० सेकंद धरल्यावर टोकाशी थेंब लोंबू नये. नोझल ठीक असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली फट, पाहावेत. गॅप बहुतेक इंजिनांत ०.२५ ते ०.४० मिमी असते. इंजिन थंड असताना मोजायची की गरम, हे पुस्तिकेप्रमाणे. टॅपेट घट्ट झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. स्लोवर हवा निसटायला जास्त वेळ मिळतो, म्हणून मिसिंग तिथेच दिसते आणि रेस दिली की नाहीसे होते. थंड इंजिनातून सतत पांढरा धूर हे न जळलेल्या डिझेलचे लक्षण आहे, निळा धूर ऑइलचे.

गव्हर्नर : काही जुन्या इनलाइन पंपांवर व्हॅक्यूमवर चालणारा गव्हर्नर असतो. हवेच्या मार्गातल्या बटरफ्लायकडून आलेला पाईप पंपाच्या मागच्या डायफ्रामशी जोडलेला असतो. पाईप फुटला किंवा डायफ्राम फाटला तर रेस खाली येत नाही आणि इंजिन बेफाम सुटू शकते. तपासणी इंजिन बंद ठेवून करायची. स्टॉप लिव्हर ओढून धरावा, पंपाचे व्हॅक्यूमचे तोंड बोटाने बंद करावे आणि लिव्हर सोडावा. रॅक (पंपातली डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी) थोडा सरकून थबकला तर डायफ्राम शाबूत. सरळ मागे गेला तर बदलावा. अशा ट्रॅक्टरवर काम करताना हवेचे तोंड झाकता येईल अशी फळी हाताशी असावी. सुटलेले इंजिन हाताने वा फडक्याने रोखू नये. कमाल वेगाच्या स्क्रूचे तार-शिशाचे सील कोणत्याही गव्हर्नरवर तोडू नये.

सेटिंग : इंजिन १५ ते २० मिनिटे चालवून गरम करावे. लॉकनट सैल करून स्क्रू पाव-पाव आटा फिरवावा. बहुतेक पंपांवर आत गेला की रेस वाढते. वेग टॅकोमीटरने मोजावा, कारण कानाचा अंदाज जुन्या इंजिनावर सहज शंभर फेऱ्यांनी चुकतो. मग पूर्ण रेस देऊन एकदम सोडावी. इंजिन दोन-तीन झोकांत स्थिरावले पाहिजे. औजार जोडून स्लोवर लिफ्ट उचलावी. आवाज दबला तरी इंजिन बंद पडता कामा नये. फार कमी स्लोवर ऑइलचा दाब पडतो, फार जास्त असेल तर गिअर टाकताना करकरतात.

पेट्रोलवर चालणारे फर्ग्युसनसारखे ट्रॅक्टर आता संग्राहकांकडेच दिसतात. त्यांत कार्ब्युरेटरमधला आयडल जेट फुंकून साफ करावा, ठिणगी देणाऱ्या पॉइंटची गॅप पाहावी आणि मगच मिक्श्चर स्क्रूला हात लावावा. स्क्रू बटरफ्लायच्या हवेच्या बाजूला असेल तर आत फिरवल्याने मिश्रण दाट होते, इंजिनच्या बाजूला असेल तर पातळ. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मिश्रण पातळ पडते आणि जुने रबर खराब होते, म्हणून पाईप व डायफ्राम इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत.

चिखलणी संपली की टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागाच उरत नाही. दर पंधरवड्याला इंजिन सुरू करून, नुसते स्लोवर न ठेवता, ट्रॉली जोडून अर्धा तास ओढाईवर चालवावे. नोझलवरची काजळी भाराच्या उष्णतेनेच जळते.