'विषयी' की 'साठी': शिक्षक-प्रशिक्षणातील वाचन आणि शाश्वतता

१९७५ च्या बेलग्रेड सनदेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कार्यशाळेतल्या जाहीरनाम्यात, पर्यावरण शिक्षणाची सहा उद्दिष्टे होती: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्ये, मूल्यमापनक्षमता आणि सहभाग. दोन वर्षांनी तिबिलिसीच्या पर्यावरण शिक्षण परिषदेत त्यांतली पाचच उरली. गळाली ती मूल्यमापनक्षमता, म्हणजे एखादी उपाययोजना वेगवेगळ्या अंगांनी तोलून पाहण्याची ताकद. वाचनाशी सर्वांत जवळचे नाते तिचेच होते.

संयुक्त राष्ट्रांच्या रिओ परिषदेतल्या 'अजेंडा २१' या कृती आराखड्याच्या ३६व्या प्रकरणाने शिक्षण शाश्वत विकासाला जोडले. वर्ष १९९२. त्याच वर्षी वाद उभा राहिला तो एका शब्दयोगी अव्ययाचा. शाश्वत विकासा'विषयी' शिकवायचे की शाश्वत विकासा'साठी'? 'साठी' म्हटले की उत्तर आधीच ठरते आणि शिक्षणाचा प्रचार होतो, असा आक्षेप. त्यात 'शाश्वत विकास' या जोडशब्दाच्या अर्थावरच एकमत नाही. (मराठीत तर आत्माही शाश्वत आणि शेतीही शाश्वत.) दुसरी बाजू म्हणे, 'विषयी' शिकवून पाठांतर वाढते, वागणे बदलत नाही. २००५ ते २०१४ च्या 'शाश्वत विकासासाठी शिक्षण' या आंतरराष्ट्रीय दशकाने नावातच 'साठी' घेतला. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या लक्ष्य ४.७ चा निर्देशांक शिक्षक-प्रशिक्षण वेगळे मोजतो. वाद मिटला नाही, 'साठी' मात्र अधिकृत कागदांवर छापला गेला.

वाचनाच्या तासाला तो लगेच दिसतो. धरणग्रस्त गावावरचा उतारा घ्या. 'विषयी'वाला छात्राध्यापक विचारतो, धरणाची उंची किती? 'साठी'वाला विचारतो, नदी वाचवायला तुम्ही काय कराल? दोन्हीकडे उतारा बाजूलाच पडतो. वाचून काय घेऊन जायचे आणि वाचताना काय अनुभवायचे, हा भेद वाचनशास्त्रात १९७८ मध्येच नावानिशी मांडला गेला होता. पर्यावरणाच्या पाठांत मात्र पहिलाच प्रकार मुरला, कारण त्यावर गुण देणे सोपे.

चालणारी पद्धत साधी आहे. उतारा ४०० ते ५०० शब्दांचा. पहिले मूकवाचन आठ-दहा मिनिटे, फळ्यावर एकही प्रश्न नाही; प्रश्न आधी दिसले की डोळे फक्त उत्तरे शोधतात. दुसऱ्या वाचनात कर्ता दडवणारी क्रियापदे अधोरेखित करायची. 'जंगल तोडले गेले': कोणी? 'पाणी आटले': आपोआप? मग त्याच प्रश्नावरचा उलट बाजूचा उतारा. ४० मिनिटांच्या तासिकेत वेळ संपला की पहिला गळतो तो हाच, म्हणून तो छोटा, १५० शब्दांचा ठेवावा. सर्वांत मोठा बिघाड पाठ टाचणातच होतो: तात्पर्य आधी लिहून ठेवलेले असते, मग मुलांचे कोणतेही उत्तर तिकडेच वळवले जाते. सगळे उतारे विनाशाचे निवडले तर वर्ग गप्प होतो, हेही ध्यानात ठेवावे.

पुढे वारे फिरले ते वाचनाच्या बाजूने. १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०१८ मध्ये वाचनाच्या चौकटीत मजकुराची विश्वासार्हता तपासणे आणि परस्परविरोधी स्रोत हाताळणे आणले. २०२२ च्या युरोपीय शाश्वतता आराखड्यातल्या १२ क्षमतांमध्ये चिकित्सक विचार आहे. तिबिलिसीत गळालेले सहावे उद्दिष्ट नाव बदलून परतले, तेही ४५ वर्षांनी.